युक्त विहार आणि मातृसेवा

श्रीमद्भगवद्गीतेच्या सहाव्या अध्यायातील सतराव्या श्लोकात योग दुःखहारक केव्हा होतो हे भगवंतांनी सांगितले आहे. ज्याचा आहार व विहार युक्त आहे, कर्मांतील चेष्टा युक्त आहे, झोप व जागृती युक्त आहे, त्याचा योग दुःखाचा नाश करतो. ‘विहार’ म्हटले की आज सहल किंवा करमणूक डोळ्यांपुढे येते. श्रीमद् आद्य शंकराचार्यांनी मात्र भाष्यात त्याचा अर्थ पावले टाकणे, पायांनी चालणे असा केला आहे. आणि ‘युक्त’ म्हणजे ज्याचे परिमाण नियत आहे ते, असे सांगितले आहे. या अर्थाच्या आधारे गृहस्थाश्रमातील एका कठीण प्रसंगाचा येथे विचार करावयाचा आहे.

समजा, एका चाळिशीतील नोकरदार गृहस्थाची आई स्तनाच्या कर्करोगाने आजारी आहे. डॉक्टरांनी प्रथम केमोथेरपी, मग शस्त्रक्रिया आणि शेवटी किरणोपचार असा क्रम ठरविला आहे. हा गृहस्थ कित्येक वर्षे रोज पहाटे धावत आला आहे. येत्या जानेवारीत मुंबईची सुमारे ४२ किलोमीटरची मॅरेथॉन पुरी करावी, असा त्याचा संकल्प आहे. आता त्याने काय करावे?

शंका

या बाबतीत दोन मते ऐकू येतात. काही जण म्हणतात, ‘आई अंथरुणाला खिळली असता मुलाने धावावयास जाणे हा निव्वळ स्वार्थ होय, लोक काय म्हणतील?’ दुसरे म्हणतात, ‘धावणे हाच ज्याचा आधार, त्याने तो सोडला तर तो खचेल, म्हणून त्याने नेम मुळीच मोडू नये.’ पहिल्या मतात त्यागाचा अतिरेक आहे, दुसऱ्यात आसक्ती आहे.

समाधान

पहिल्या मताचे उत्तर असे की, देहयात्राही कर्मावाचून चालत नाही, असे भगवान तिसऱ्या अध्यायात स्पष्ट सांगतात. सतराव्या अध्यायात तर जे अविचाराने शरीराला कष्टवितात ते शरीरात राहणाऱ्या आपल्यालाही कष्टवितात, असे त्यांनी म्हटले आहे. कर्करोगाचा उपचार चार दिवसांत आटोपणारा नसतो. तो कित्येक महिने चालतो. सेवा करणाराच उपाशी, जागरणाने थकलेला व चिडचिडा झाला, तर त्या सेवेचा आईला उपयोग किती होणार? सेवकाचे शरीर हे सेवेचे साधन आहे; त्याची निगा राखणे हा सेवेचाच भाग होय.

दुसऱ्या मताचे उत्तर अठराव्या अध्यायात आहे. सात्त्विक त्यागात नियत कर्म सोडावयाचे नसते. त्यावरील आसक्ती व फळाची इच्छा सोडावयाची असते. धावणे हे कर्म. स्पर्धेची तारीख, किती वेळात अंतर कापले त्याची नोंद, पदक ही त्याची फळे. या गृहस्थाने जानेवारीचा संकल्प मनापासून सोडून द्यावा, पण पहाटेचे धावणे सोडू नये. जो स्पर्धेची तयारी मनात चालू ठेवून आईजवळ बसतो, त्याचे डोळे घड्याळाकडे असतात. आणि ते आईला कळल्यावाचून राहत नाही.

काळाचे परिमाण

सात्त्विक दानात देश, काल व पात्र पाहावे असे गीता सांगते. सेवा हेही दानच आहे. म्हणून तेथेही हा विवेक हवा.

प्रथम काल पाहू. केमोथेरपीची औषधे झपाट्याने वाढणाऱ्या पेशींवर आघात करतात. कर्करोगाच्या पेशी तशा असतात. पण केसांची मुळे, तोंडाच्या आतील अस्तर आणि रक्त तयार करणारी अस्थिमज्जा यांतील पेशीही तशाच असल्याने त्यांनाही झळ लागते. म्हणून केस गळतात, तोंड येते, रक्तातील पांढऱ्या पेशी कमी होतात. पुष्कळ औषधक्रमांत दर २१ दिवसांनी औषध देतात. आरंभीचे काही दिवस मळमळ व ग्लानीचे असतात. साधारणतः ७ व्या ते १४ व्या दिवसांच्या दरम्यान पांढऱ्या पेशी सर्वांत कमी होतात. या काळात ३८ अंश सेल्सिअस, म्हणजे १००.४ अंश फॅरनहाइट ताप आला, तर घरी गोळी देऊन सकाळची वाट पाहू नये; तत्काळ रुग्णालय गाठावे. तिसऱ्या आठवड्यात बहुधा शक्ती परतू लागते.

हे जाणले की विहाराचे परिमाण आपोआप ठरते. औषधाचा दिवस व त्यानंतरचे दोन-तीन दिवस धावण्याचे नव्हेत. दुसऱ्या आठवड्यात घराजवळच थोडे धावावे, फोन जवळ ठेवावा, गर्दी टाळावी. परतल्यावर हात धुऊन, स्नान करून, कपडे बदलून मगच आईजवळ जावे. स्वतःला सर्दी-खोकला असेल तर दूर राहावे. लांब पल्ला तिसऱ्या आठवड्यासाठी ठेवावा. किरणोपचार बहुधा आठवड्यातून ५ दिवस, असे काही आठवडे चालतात; यंत्रावरचा वेळ थोडा असला तरी जाण्यायेण्यात व रांगेत दिवस मोडतो. रात्री झोप झाली नसेल, तर ती पहाट झोपेची आहे, धावण्याची नव्हे. कारण श्लोकात विहाराबरोबर झोपेचेही नाव आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनानुसार प्रौढाला आठवड्यात ७५ ते १५० मिनिटांचा जोरकस व्यायाम पुरेसा आहे. २५ मिनिटे, तीन दिवस, एवढ्याने तो नेम राखला जातो.

आता देश. मुंबईत परळ येथे १९४१ साली सुरू झालेल्या टाटा स्मारक रुग्णालयात भारताच्या सर्व प्रांतांतून रुग्ण येतात. आता त्या संस्थेची रुग्णालये वाराणसी, गुवाहाटी, विशाखापट्टण इत्यादी ठिकाणीही आहेत. परगावी धर्मशाळेत उतरलेल्याला नेहमीचा रस्ता मिळत नाही. त्याने जिन्याच्या पायऱ्यांवर वा जवळच्या मोकळ्या जागेत जेवढे घडेल तेवढे समाधानाने करावे.

शुश्रूषा

उरले पात्र, म्हणजे स्वतः आई. ‘शुश्रूषा’ हा शब्द ‘श्रु’ म्हणजे ऐकणे या धातूच्या इच्छार्थक रूपापासून झाला आहे. त्याचा मूळ अर्थ ‘ऐकण्याची इच्छा’. आज्ञा ऐकण्याची इच्छा हीच पुढे सेवा झाली. म्हणून आईला काय हवे ते आधी तिलाच विचारावे. ती कदाचित म्हणेल, ‘तू जाऊन ये रे, मला जरा एकटीला पडू दे.’ कदाचित म्हणेल, ‘आज नको जाऊस.’ दोन्ही सारख्याच मनाने ऐकावे. डॉक्टरांची संमती असेल तर तिला हळूहळू चालविणेही हिताचे असते. त्या दिवशी ओसरीवर तिच्या पावलाशी पाऊल जुळवून टाकलेली वीस पावले हाच त्याचा विहार.

आणखी एक गोष्ट विसरता कामा नये. मुलगा धावावयास गेला असता आईजवळ कोण असते? बहुतेक घरांत सून. तिलाही झोप हवी, मोकळी हवा हवी. जो विहार दुसऱ्याच्या विश्रांतीतून काढून घेतला जातो, तो युक्त नव्हे. जेवढा वेळ पतीने घेतला, तेवढा त्याने तिलाही द्यावा.

पंढरपूरच्या पुंडलिकाची कथा सर्वश्रुत आहे. आईवडिलांची सेवा चालू असता प्रत्यक्ष भगवंत दारी आले. त्याने सेवा न सोडता त्यांना उभे राहावयास वीट दिली. त्याने भगवंतांना नाकारले नाही, तिष्ठत ठेवले. धावण्याचा छंदही तसाच विटेवर उभा राहू शकतो. आईच्या औषधाची वेळ मात्र विटेवर उभी राहत नाही.

उपचाराचे फळ कोणाच्याही हाती नाही. रोग हटेल, किंवा हटणार नाही. पण ज्याने आईचे ऐकले, आपले शरीर सांभाळले आणि घरातील कोणावर अधिक भार टाकला नाही, त्याने आपले कर्म पुरे केले. श्लोकात सांगितलेला दुःखहारक योग गृहस्थाला असाच घरच्या घरी साधतो.