तिने सगळं सांगितलं

आजचे वाचन : मार्क ५:२१-३४



आजच्या वाचनातली बाई बारा वर्षं रक्तस्रावाने आजारी होती. पुष्कळ वैद्य झाले, होतं नव्हतं ते संपलं, गुण आला नाही. नियमशास्त्राप्रमाणे ती अशुद्ध. म्हणून ती गर्दीत मागून येऊन प्रभूच्या वस्त्राला शिवली आणि तेव्हाच बरी झाली. पण प्रभू थांबला आणि कोण शिवलं ते विचारू लागला. याईराची मुलगी मरणाला टेकली होती, तरी थांबला. मग ती थरथरत पुढे आली आणि तिने सगळं खरं सांगितलं.

मला नेहमी वाटायचं, बरी झाली होती ना, मग चारचौघांत कशाला बोलायला लावलं?

आपल्या बीड जिल्ह्यातून दर हंगामात हजारो जोडपी ऊसतोडीला जातात. खाडा झाला की पैसे कापतात, मग पाळी असो की दुखणं. २०१९ मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या समितीपुढे आकडा आला : पाहणी केलेल्या ८२,३०९ ऊसतोड बायांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली. मी तो पेपरात वाचला आणि पेपर घडी करून ठेवला. माझ्या आईचीही पिशवी तिशीतच काढली होती, हे मी कुणाला कधी सांगितलं नव्हतं.

गेल्या वर्षी पट्टा पडल्यावर गावी आलेली एक ताई आमच्या प्रार्थनेत बोलू लागली, "अंगावरून लई जातंय, डॉक्टर म्हणतोय पिशवी काढा..." मी मध्येच म्हणाले, "विश्वास ठेवा ताई, प्रार्थना करू." ती गप्प झाली. तिचं बोलणं मीच तोडलं होतं.

पुढच्या बैठकीत मी आईचं सांगितलं. डॉक्टरने घातलेली कॅन्सरची भीती, ऑपरेशनसाठी मुकादमाकडून घेतलेली उचल, ती फेडायला लगेच हातात घेतलेला कोयता, शेवटपर्यंतची कंबरदुखी. थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग कोपऱ्यातल्या मावशी म्हणाल्या, "माझी पण काढली." मग आणखी एक. शेवटी त्या ताईने आपलं राहिलेलं सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी दोघी जणी तिच्याबरोबर दुसऱ्या डॉक्टरकडे गेल्या. पुढचं प्रभूच्या हाती; पण ती एकटी गेली नाही.

तेव्हा मला कळलं. त्या बाईचं शरीर आधीच बरं झालं होतं, माणसं मात्र अजून दूर होती. तिने सर्वांसमोर सांगितलं, प्रभूने सर्वांसमोर तिला मुलगी म्हटलं, आणि तिला माणसं परत मिळाली.

प्रियांनो, आज कुणी आपलं दुःख सांगू लागलं, तर लगेच वचन सांगून मोकळे होऊ नका. थांबा, पुरतं ऐका. गरज पडली तर आधी आपलं सांगा.

प्रार्थना : हे प्रभू, तू घाईत असूनही थांबलास. मलाही थांबायला शिकव. जे मी लाजेने झाकलं, ते माझ्या बहिणीच्या उपयोगी पडू दे. येशूच्या नावाने मागते, आमेन.