पायरीवरचं नाव



आजचं वाचन: भगवद्गीता, अध्याय १८, श्लोक ४६.

भगवंत म्हणतात, ज्याच्यापासून सगळे जीव आले आणि ज्याने हे सगळं व्यापलंय, त्याची पूजा आपल्या कामातून केली की माणूस सिद्धीला पोहोचतो. ज्ञानेश्वर माउली तर कर्मालाच पूजेची फुलं म्हणतात.

खरं सांगू? गेल्या आठवड्यात हा श्लोक वाचून मला राग आला होता. तीन महिने रात्री जागून एक मॉड्यूल लिहिलं. रिलीज झालं, कौतुकाचा मेल आला आणि त्यात माझं नावच नव्हतं! मॅनेजरला चार ओळींचं कडक उत्तर लिहून ड्राफ्टमध्ये ठेवलं आणि शनिवारी पहाटे मित्रांसोबत पुण्याहून रायलिंग पठाराकडे निघालो.

वेल्ह्याच्या पुढे मोहरी गाव आहे. तिथून साधारण तासभर चाललं की पठाराची कड येते. समोर लिंगाण्याचा सुळका, मध्ये खोल दरी आणि लिंगाण्याच्या मागे पसरलेला रायगड. १६७४ साली जिथे शिवरायांचा राज्याभिषेक झाला, तोच गड. कोणीच काही बोलेना. आम्ही नुसते बघत बसलो.

मग मनात आलं, हा गड बांधला कोणी? हिरोजी इंदुलकरांनी. रायगडावर जगदीश्वराच्या मंदिराच्या भिंतीवर संस्कृत शिलालेख आहे, त्यात त्यांचं नाव येतं. पण आपल्याला जास्त आठवते ती मंदिराची पायरी. आपण सेवेला तत्पर आहोत, एवढंच सांगून त्यांनी तिथे नाव कोरलंय. एवढा गड उभारणारा माणूस, आणि नाव कुठे? दर्शनाला येणाऱ्यांचे पाय लागतील तिथे.

म्हणजे हिरोजींनी नाव पुसलं नाही. नाव असण्यात पाप नाही. त्यांनी ते देवापुढे ठेवलं, सेवा म्हणून. मी मात्र माझं नाव मेलमध्ये शोधत होतो, आणि ते सापडलं नाही म्हणून तीन महिन्यांचं कामच मला वाया गेल्यासारखं वाटत होतं. फुलं वाहिली आणि मग पुजाऱ्याने पाहिलं का म्हणून मागे वळून बघत बसलो, तसंच हे झालं.

इथवर सगळं छान वाटलं. मग काल आर्वीला घरी आलो. सकाळी आई देवासाठी हार गुंफत होती, तिला हे सगळं सांगितलं. तिने मान वर न करताच विचारलं, "अन् तुह्यासंगं रात्री जागणाऱ्या त्या दोघी टेस्टिंगवाल्या पोरी? त्याइचं नाव तू घेतलं का?"

नव्हतं घेतलं. माझ्या त्या कडक ड्राफ्टमध्येही फक्त मीच होतो.

ड्राफ्ट डिलीट केला. नवा मेल लिहिला. आधी त्या दोघींची नावं आणि त्यांनी काय काय पकडलं ते, मग मॉड्यूलची माहिती आणि शेवटी माझं नाव. लपवलं नाही, पण सगळ्यात खाली लिहिलं.

आज एवढंच करून बघा: तुमच्या कामात ज्याचा हात लागलाय आणि ज्याचं नाव तुम्ही कधी घेतलं नाही, अशा एका माणसाचं नाव आज चार लोकांसमोर घ्या. नंतर पाच मिनिटं शांत बसा आणि हा श्लोक पुन्हा वाचा.

पांडुरंगा, उद्या लॅपटॉप उघडताना ही पायरी आठवू दे.

राम कृष्ण हरी!