एक बार आणि कथनाची घडण : सेलूसच्या शिकारवृत्तान्तांचा विचार

१.

शिकारकथा हा वाङ्मयप्रकार समीक्षेने बहुधा साहसकथेच्या सदरात टाकून बाजूला ठेवला आहे. त्यामुळे या कथांतील शस्त्र हे केवळ साधन मानले गेले; कथनाच्या रचनेशी त्याचा काही संबंध असेल, असा प्रश्न फारसा उपस्थित झाला नाही. एकबारी रायफलीच्या बाबतीत तर एक समज रूढ आहे. ज्याच्यापाशी एकच गोळी आहे तो शिकारी अधिक संयमी, अधिक न्यायी, प्राण्याला संधी देणारा, असा हा समज होय. हा संयम शस्त्रात असतो की शस्त्राविषयीच्या लेखनात, हे तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. त्यासाठी फ्रेडरिक कोर्टनी सेलूस (१८५१–१९१७) या इंग्रज शिकाऱ्याचे लेखन, विशेषतः 'अ हंटर्स वाँडरिंग्ज इन आफ्रिका' (१८८१) हा ग्रंथ, आधारासाठी घेतला आहे.

२.

सेलूस १८७१ मध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, दक्षिण आफ्रिकेत उतरला. हस्तिदंतासाठी हत्ती मारणे हा त्याचा सुरुवातीचा व्यवसाय होता. त्या काळातील त्याच्या बंदुका ठासणीच्या, गुळगुळीत नळीच्या आणि चार बोअरच्या होत्या. नळीच्या मापाच्या शिशाच्या चार गोळ्यांचे वजन एक पौंड भरते, ती चार बोअरची नळी. म्हणजे प्रत्येक गोळी सुमारे ११३ ग्रॅमची. या बंदुकांनी १८७२ ते १८७४ या काळात आपण ७८ हत्ती मारले, आणि एकाचा अपवाद सोडता सर्व पायी चालत मारले, अशी नोंद त्याने केली आहे.

पुढे त्याच्या हाती आली ती ब्रिस्टलच्या जॉर्ज गिब्ज यांनी बनविलेली .४५० मापाची एकबारी रायफल. जॉन फार्कहारसनने १८७२ मध्ये ज्या रचनेचे पेटंट घेतले, तीवर ती बेतलेली होती. तिचा चाप-रक्षकाखालचा दांडा खाली ओढला की नळीमागचा पोलादी ठोकळा सरळ खाली उतरतो. उघड्या तोंडातून काडतूस आत सरकवायचे, दांडा वर दाबायचा, की ठोकळा पुन्हा आपल्या जागी बसतो. ठासणीच्या तुलनेत हे काम फार झटपट होते. तरीही एका बारानंतर शिकाऱ्याचा हात काडतुसांच्या पट्ट्याकडे जावाच लागे, आणि काळ्या दारूच्या धुराचा लोट विरेपर्यंत समोरचे जनावर पडले की चालून येत आहे, हे दिसतही नसे.

३.

या यंत्राचा कथनाशी असलेला संबंध येथूनच स्पष्ट होऊ लागतो. कथनमीमांसेत घटनेचा काळ आणि निवेदनाचा काळ यांतील नात्याला महत्त्व दिले जाते. सेलूसच्या शिकारप्रसंगांत या नात्याची विशिष्ट घडण पुन्हा पुन्हा आढळते. माग काढणे, वाऱ्याची दिशा पाहणे, पाण्यावरून निघालेल्या कळपामागे तासन्‌तास चालणे यांना पाने लागतात. प्रत्यक्ष बार एका वाक्यात उरकतो. त्यानंतर मात्र निवेदन पुन्हा रेंगाळते, कारण त्या क्षणी शिकारी निःशस्त्र झालेला असतो. पूर्वभाग प्रतीक्षेचा आणि उत्तरभाग भयाचा, अशी ही दुहेरी लय एकबारी शस्त्रामुळेच शक्य होते. भरती करण्याचा वेळ हीच येथे कथेची जागा असते.

या लयीचा केंद्रबिंदू म्हणजे 'मी'. वाचकाच्या मनात एक माणूस, एक गोळी आणि एक प्राणी असे चित्र ठसते. संहितेतील तपशील मात्र वेगळे सांगतात. पायी हत्ती मारण्याचे शिक्षण सेलूसला सिगार नावाच्या एका आफ्रिकी शिकाऱ्याकडून मिळाले. त्याच्यामागे बंदुका वाहणारी व ठासून देणारी माणसे असत. एकदा न उडालेली बंदूक उडाली असे समजून सोबतच्या माणसाने तीत दुसऱ्यांदा दारू व गोळी ठासली. बार होताच सेलूस उचलला जाऊन जमिनीवर आदळला आणि बंदूक दूर फेकली गेली. निवेदनात हा प्रसंग अपघात म्हणून येतो. पण 'एकट्या' शिकाऱ्याच्या एका गोळीमागे किती हात होते, हे सांगणारा तो महत्त्वाचा पुरावा आहे. ते हात चुकतात तेव्हाच कथनात ठळक होतात, ही बाब लक्षणीय आहे.

४.

याच ग्रंथात दुसऱ्या प्रकारचेही लेखन आहे, आणि ते म्हणजे मारलेल्या प्राण्यांची यादी. १८७७ ते १८८० या चार वर्षांच्या यादीची बेरीज पाचशेच्या पुढे जाते. कथनात प्रत्येक बार अद्वितीय असतो. यादीत तो नुसता आकडा होतो. दोन्ही मजकूर एकाच लेखकाचे, एकाच पुठ्ठ्यात बांधलेले आहेत, आणि त्यांच्यातील विसंगती लेखकाला जाणवत नाही. शिकारकथेचा अभ्यासक यांपैकी केवळ कथन वाचील, तर एकबारी रायफलीच्या संयमावर त्याचा सहज विश्वास बसेल.

अमेरिकेतील गव्यांचा, म्हणजे बायसनांचा, संहार या विश्वासाला पूर्ण छेद देतो. १८७० नंतरच्या दशकात कातड्यांसाठी झालेली ही कत्तल प्रामुख्याने शार्प्ससारख्या एकबारी रायफलींनीच झाली. शिकारी दूरवर बैठक मारून प्रथम कळपाची म्होरकी टिपत. म्होरकी कोसळल्यावर बिचकलेला कळप जागीच घुटमळत राही, आणि मग एकेक काडतूस भरण्यास हवा तेवढा वेळ मिळे. उत्तरेकडील अखेरचे मोठे कळप १८८३ च्या सुमारास संपले. १८८९ मध्ये विल्यम हॉर्नडे याने प्रसिद्ध केलेल्या गणनेत कोट्यवधींतून हजाराच्या आसपास प्राणी उरले होते. एका वेळी एकच गोळी, हे बंधन येथेही होतेच; परंतु या बाजूच्या वाट्याला सेलूससारखे कथन आले नाही, म्हणून तिला संयमाचे वलयही लाभले नाही. यावरून संयम हा यंत्राचा गुण नसून कथनाने यंत्राला बहाल केलेला गुण आहे, असा निष्कर्ष काढावा लागतो.

५.

हा निष्कर्ष मराठी वाचकाला परिचित असलेल्या जिम कॉर्बेटच्या लेखनालाही लावून पाहण्याजोगा आहे. चंपावतच्या वाघिणीच्या (१९०७) प्रसंगी त्याच्यापाशी तीनच काडतुसे होती. ती संपल्यावर जखमी वाघीण समोर असताना त्याला तहसीलदाराच्या बंदुकीसाठी धावावे लागले. चौगडच्या वाघिणीच्या (१९३०) वेळी डाव्या हातात पक्ष्याची अंडी असल्यामुळे त्याला एका हाताने एकच बार काढता आला. येथे शस्त्र एकबारी नाही. तरी कथेने परिस्थितीतून 'अखेरची गोळी' घडविली आहे. एकबारी रायफल मागे पडली, पण तिने शिकारकथेला दिलेली घडण टिकून राहिली, हे यातून दिसते. कॉर्बेटच्या कथनात मात्र त्या गोळीमागे गावकऱ्यांचे मरण आणि त्यांची भीती उभी असते. सेलूसच्या गोळीमागे हस्तिदंताचा बाजार उभा आहे.

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारकथेचा सामाजिक आधारच नाहीसा झाला. मराठीत व्यंकटेश माडगूळकरांसारखा, एकेकाळी शिकार केलेला, लेखक 'नागझिरा'मध्ये केवळ पाहण्यासाठी अरण्यात जातो. तेथेही माग आहे, वारा आहे, दबा धरून बसणे आहे. फक्त बार नाही. म्हणजे शिकारकथेचा पूर्वभाग अरण्यलेखनाने वारसा म्हणून स्वीकारला आणि उत्तरभाग गाळला. या स्थित्यंतराचा अभ्यास करताना जुन्या शिकारवृत्तान्तांतील प्रसंगवर्णनाइकेच त्यांतील याद्याही वाचणे अगत्याचे आहे. प्रसंगातून लेखकाची प्रतिमा हाती लागते. त्या प्रतिमेची किंमत किती प्राण्यांनी मोजली, हे यादीवाचून कळत नाही.