बसमधील गारवा आणि विजेचा हिशेब

गेल्या मार्चमध्ये दांडीच्या सहलीहून परत येताना घडलेला प्रसंग तुमच्यापैकी पुष्कळांना आठवत असेल. भाड्याने घेतलेली ती बस विजेवर चालणारी होती. सकाळी जाताना आत इतका गारवा होता की मुलींनी ओढण्या अंगाभोवती लपेटून घेतल्या. परतीच्या वाटेवर मात्र चालकाने बॅटरीचा काटा पाहिला आणि शीतकयंत्र बंद केले. काचा न उघडणाऱ्या त्या गाडीत दहा मिनिटांत सर्वांचा जीव कासावीस झाला. पाचवीतील एका मुलीला भोवळ आली आणि रस्त्याकडेच्या झाडाखाली थांबावे लागले. तेथे तोंडावर पाणी मारीत असताना आठवीतील एका मुलाने आम्हांस विचारले, “सर, पंखा फिरवायला एवढीशी वीज लागते, मग हवा गार करायलाच इतकी का?”

आम्ही पडलो कलाशाखेचे पदवीधर. त्या वेळी उत्तर देता आले नाही. पुढे विज्ञानशिक्षकांकडून आणि ग्रंथांतून जे समजले, ते येथे मांडीत आहोत.

पहिली गोष्ट ही की, गारवा निर्माण करता येत नाही; उष्णता एका जागेहून उचलून दुसरीकडे नेऊन टाकावी लागते. तुमच्या घरचा माठ हेच करतो. माठातून पाझरलेले पाणी वाफ होऊन उडते आणि जाताना उरलेल्या पाण्याची उष्णता घेऊन जाते. शीतकयंत्रात पाण्याऐवजी सहज उकळणारा एक द्रव असतो. आतील नळ्यांत त्याची वाफ होते व ती बसमधील उष्णता शोषून घेते. मग कॉम्प्रेसर ती वाफ दाबतो, आणि छपरावरील नळ्यांत ती उष्णता बाहेर टाकून पुन्हा द्रवरूप होते. वीज खर्च होते ती मुख्यतः या दाबण्याच्या कामी. विहीर जितकी खोल तितके पाणी शेंदणे जड. तसेच बाहेरचे ऊन जितके कडक आणि आत मागितलेला गारवा जितका अधिक, तितके हे काम जड होते. म्हणूनच चोवीस अंशांवर समाधान मानणारी बस अठरा अंशांचा हट्ट धरणाऱ्या बसपेक्षा कितीतरी कमी वीज खाते.

आता ही उष्णता येते कोठून? स्वस्थ बसलेला मनुष्यही सुमारे शंभर वॅटच्या जुन्या दिव्याइतकी उष्णता देत असतो. पन्नास उतारू म्हणजे असे पन्नास दिवे! दुपारच्या उन्हात छपराच्या दर चौरस मीटरवर सुमारे एक हजार वॅट उष्णता पडते. त्यात प्रत्येक थांब्यावर दार उघडते आणि बाहेरची हवा आत शिरते. आपली तापी पुराणात सूर्याची कन्या मानली आहे, पण सुरतेत केवळ सूर्याशी गाठ नाही. समुद्र जवळ असल्याने हवा दमटही असते. हवेतील बाष्पापासून एक लिटर पाणी वेगळे करावयाचे तर सुमारे दोन-तृतीयांश युनिट एवढी उष्णता बाहेर काढावी लागते. बसखाली टपटपणारे पाणी तुम्ही पाहिले असेल. ते फुकट गळत नाही! (आमच्या घरच्या कोंकणीत कढत पाण्याला ‘हून उदक’ म्हणतात, मराठीतील ‘ऊन पाणी’ तेच. लहानपणी पाणी तापवताना लाकडे जळत, ती आम्हांला दिसत. गार करण्यासही इंधन जळते हे ठाऊक नव्हते.) गंमत अशी की १९०२ मध्ये विलिस कॅरिअर या अमेरिकन अभियंत्याने आपले प्रसिद्ध यंत्र आखले, ते माणसांसाठी नव्हे, तर ब्रुकलिनमधील एका छापखान्यात कागद दमट हवेने फुगू नये म्हणून.

डिझेलच्या बसमध्ये बहुधा मुख्य इंजिनच कॉम्प्रेसर फिरवते. विजेच्या बसमध्ये चाके आणि गारवा दोघेही एकाच बॅटरीवर जेवतात. चाके किलोमीटरप्रमाणे वीज घेतात, शीतकयंत्र मात्र तासाप्रमाणे घेते. बस खोळंबली तरी त्याचे मीटर चालूच! समजा, बॅटरीत दोनशे युनिटे आहेत, चाकांस किलोमीटरला एक युनिट आणि शीतकयंत्रास तासाला सहा युनिटे लागतात. ताशी पंधरा किलोमीटरने जाणारी बस गारव्यासाठी दर किलोमीटरला ०.४ युनिट देईल आणि सुमारे १४३ किलोमीटर जाईल. तीच ताशी पंचवीसच्या वेगाने गेली, तर हा खर्च ०.२४ वर येईल आणि ती सुमारे १६१ किलोमीटर जाईल. यंत्राचा एक स्क्रूही न बदलता अठरा किलोमीटरांचा लाभ! सुरतेतील बी.आर.टी.एस.च्या वेगळ्या मार्गिकेला म्हणूनच आम्ही शीतकयंत्राचा एक भाग समजतो. तीत घुसणाऱ्या दुचाकीस्वारांना हे कोणी तरी सांगावयास हवे.

बाकीचे उपाय थोडक्यात सांगतो. गरजेनुसार मंद वा जलद फिरणारा कॉम्प्रेसर, पांढरे छप्पर, ऊन अडविणाऱ्या काचा आणि दारावर हवेचा पडदा यांनी बराच खर्च वाचतो. आगारात बॅटरी भरत असतानाच, तारेतून येणाऱ्या विजेवर, बस आधी गार करून घेतली तर तो पहिला मोठा भार बॅटरीवर पडत नाही. सुरतेत २०२५ मध्ये अलथाण येथे सूर्यप्रकाशापासून वीज घेऊन बस भरण्याची सोय झाली. जे ऊन बस तापविते, त्याच्याकडूनच गारव्याची वीज घ्यावयाची, ही कल्पना आम्हांस फार आवडली. महाराष्ट्रातही १ जून २०२२ रोजी एस.टी.ची विजेवरील ‘शिवाई’ पुणे–अहमदनगर मार्गावर धावू लागली. १९४८ मध्ये त्याच तारखेला, त्याच मार्गावर पहिली एस.टी. निघाली होती. गावी जाणाऱ्यांच्या लांब पल्ल्यासाठी तर हा हिशेब अधिकच कडक.

कोणी म्हणेल, बसमध्ये गारवा ही चैनच आहे. लिंबायत, उधना, पांडेसरा या भागांतील तुमचे वडील आणि भाऊ बारा-बारा तास मागावर घामाघूम होऊन घरी निघतात. त्यांना विचारून पाहा. पण यंत्राने वीज उधळली, तर बॅटरी भरण्यासाठी बस आगारात अधिक वेळ अडकते, फेऱ्या घटतात, आणि आतल्यांच्या गारव्याची किंमत थांब्यावर उन्हात उभा असलेला मनुष्य देतो.

तो प्रश्नकर्ता विद्यार्थी परवा पुन्हा आला. उड्डाणपुलावर उभे राहून त्याने खालून जाणाऱ्या बसगाड्यांची छपरे पाहिली होती. “सर, ती गार करणारी पेटी स्वतःच उन्हात तापते. तिच्यावर सावली धरली तर?” आम्ही त्याला विज्ञानशिक्षकांकडे नेले. ते म्हणाले, सावलीस हरकत नाही, पण पेटीचा वारा अडता कामा नये, नाहीतर उष्णता बाहेर जाणार कशी? दुसऱ्या दिवशी त्याने पुठ्ठ्याचा एक नमुना आणला. चारी बाजूंनी मोकळा. तो सध्या प्रयोगशाळेच्या खिडकीत ठेवला आहे.