मेमरी जवळची की लांबची? (संगणक परिचय : इयत्ता सातवीच्या पुढे)



"रॅम जास्त तर कॉम्प्युटर फास्ट" हे वाक्य आपण मुलांना सर्रास सांगतो. घरच्या कॉम्प्युटरपुरतं ते चालूनही जातं. पण मोठ्या कंपन्यांच्या सर्व्हरवर आणखी एक प्रश्न येतो. मेमरी आहे, पण ती प्रोसेसरपासून किती लांब आहे?

एचपी कंपनीचा सुपरडोम हा सर्व्हर घ्या. २००० साली आलेल्या या यंत्रात 'सेल' नावाचे बोर्ड असत. एका सेलवर ४ प्रोसेसर आणि त्यांच्या शेजारीच मेमरी. असे जास्तीत जास्त १६ सेल, म्हणजे ६४ प्रोसेसर. एक किंवा अनेक सेल मिळून एक पार्टिशन करायचं, म्हणजे एकाच यंत्रात अनेक स्वतंत्र सर्व्हर! प्रोसेसरला आपल्या सेलमधली मेमरी लवकर मिळते, दुसऱ्या सेलमधली मागायची तर मधला जोडमार्ग ओलांडावा लागतो.

आपल्या शाळेतच बघा ना. पुस्तक वर्गातल्या कपाटात असेल तर मूल उठून घेतं. पलीकडच्या इमारतीत असेल तर निम्मा तास जाण्या-येण्यातच संपतो.

यावर दोन पद्धती आहेत. पहिली, सगळ्या सेलची मेमरी एकत्र गुंफायची. पुस्तकाची पानं सगळ्या कपाटांत सारखी वाटल्यासारखं. कुणालाच फार त्रास नाही आणि फार सुखही नाही. दुसरी, प्रत्येक सेलमधला काही भाग त्याच सेलसाठी राखून ठेवायचा. याला 'सेल लोकल मेमरी' म्हणतात. एचपी-यूएक्समध्ये पार्टिशन तयार करताना हे प्रमाण ठरवता येतं. मात्र सगळीच मेमरी राखीव करू नये. जी माहिती सर्वांनाच लागते, तिला गुंफलेलीच बरी. सेलमध्ये मेमरी कमी-जास्त बसवली तर गुंफण विषम होते, हेही लक्षात ठेवा.

आता खरी गोम. वाटणी करताना प्रोसेसर एका सेलमधले आणि मेमरी दुसऱ्यातली दिली, तर प्रोसेसरचा बराच वेळ वाट बघण्यातच जातो. पण अहवालात हा वेळ 'प्रोसेसर कामात' असाच दिसतो! मग साहेब लोक आणखी प्रोसेसर विकत घेतात. पैसे जातात, दुखणं तसंच राहतं. म्हणून आधी वाटणी तपासावी, खरेदी नंतर.

लिनक्समध्ये 'न्यूमा-सीटीएल' ही आज्ञा कोणती मेमरी कोणाजवळ आहे ते दाखवते. स्वतःच्या मेमरीचं अंतर १० धरतात, लांबची त्याहून मोठ्या आकड्याने. तिथे एक गंमत आहे: मेमरीच्या पानाला जो प्रोसेसर पहिल्यांदा हात लावतो, सहसा त्याच्याच जवळ ते पान ठेवलं जातं. सुरुवातीची सगळी मांडामांड एकट्याने केली की पसारा त्याच्याच कोपऱ्यात जमतो, बाकीचे येरझाऱ्या घालतात.

वर्गात करून बघा. चार गट, चार कोपरे, प्रत्येकी २० शब्दपट्ट्या. एकदा पट्ट्या स्वतःच्या कोपऱ्यात, एकदा समोरच्या, एकदा चारही कोपऱ्यांत मिसळून. दर वेळी घड्याळ लावा आणि वेळ मुलांनाच फळ्यावर लिहू द्या. मग एका कोपऱ्यातल्या पट्ट्या मुद्दाम कमी ठेवा. "फक्त आपल्याच कोपऱ्यातून घ्या" असं सांगितलं तर तो गट अडकतो. "संपल्या तर शेजारून आणा" म्हटलं तर काम हळू होतं, पण होतं. लिनक्समध्येही मेमरी सक्तीने एकाच ठिकाणी बांधली की नेमकं असंच घडतं.