सदूकाकांची वही

मुलांनो, भातुकली किंवा चोर-शिपाई खेळताना घटकाभर आपण स्वतःला विसरून दुसरेच कोणी होतो. माझ्या शाळेत शनिवारी शेवटच्या तासाला आम्ही असाच एक खेळ खेळत असू. त्यात लिहिलेले नाटक नसे. प्रत्येकाने आपल्या मनाने एक पात्र निर्माण करावे, मी प्रसंग सांगावा, आणि ते पात्र त्या प्रसंगी काय बोलेल, कसे वागेल हे तेथल्या तेथे करून दाखवावे, एवढाच नियम होता. पुढच्या शनिवारी प्रसंग नवा. पात्रे मात्र तीच.

सातवीतील एका मुलाने सदूकाका नावाचा टपालवाला निर्माण केला होता. गावातील प्रत्येक घराचा पत्ता सदूकाकांना तोंडपाठ. काखेत सदैव जुनी छत्री. आणि कुत्र्याचे नुसते भुंकणे कानी पडले तरी त्यांचे पाय लटपटू लागत! पहिल्याच गोष्टीत ते कुत्र्याच्या भीतीने पत्र न देताच माघारी फिरले, आणि वर्ग पोट धरून हसला. (कुत्रा कोणी व्हायचे, यावरून आमच्याकडे नेहमीच भांडण होई.) त्या दिवसापासून सदूकाका साऱ्या वर्गाचे झाले.

दुसऱ्या शनिवारी प्रसंग अरण्यातला होता. सदूकाकांनी एकदम वाघाचेच कान धरले. आता टाळ्या पडतील, असे मला वाटले. परंतु वर्गात शांतता पसरली. मागच्या बाकावरील एक मुलगी म्हणाली, "गुरुजी, हे आमचे सदूकाका नव्हेत."

तो मुलगा रडकुंडीला आला. "पात्र माझे आहे. मी त्याच्याकडून वाटेल ते करवून घेईन," तो म्हणाला.

त्याचे म्हणणे खोटे नव्हते आणि तिचेही नव्हते. मला तत्काळ उत्तर सुचले नाही. मी तास तेथेच थांबविला.

सोमवारी मी वर्गाला चिमणरावांची ओळख करून दिली. चिं. वि. जोशी (१८९२–१९६३) यांनी निर्माण केलेले हे पात्र एका गोष्टीपुरते जन्मले नाही. चिमणरावांचे लग्न झाले, मोरू, मैना, राघू ही मुले झाली. पुस्तकामागून पुस्तक निघाले. १९४० साली ते 'लग्न पहावं करून' या चित्रपटात आले आणि पुढे दूरदर्शनच्या मालिकेतही अवतरले. संसार वाढला, तरी चिमणरावांचा भिडस्तपणा आणि गुंड्याभाऊंचा दांडगेपणा काही सुटला नाही. म्हणूनच वाचक त्यांना कोठेही चटकन ओळखतो.

"मग भित्र्या माणसाने कधी धीट होऊच नये काय?" त्या मुलाने विचारले.

प्रश्न मार्मिक होता. मी म्हणालो, "अवश्य व्हावे. पण ते आमच्या डोळ्यांदेखत व्हावे."

तिसऱ्या गोष्टीत दारात कुत्रा होता आणि घरात सैन्यातील मुलाच्या पत्राची वाट पाहणारी म्हातारी. ती म्हातारी मागच्या बाकावरची तीच मुलगी झाली होती. सदूकाका तीन वेळा मागे फिरले. चौथ्या वेळी त्यांनी छत्री उघडून ढालीसारखी पुढे धरली, डोळे मिटले, आणि "माळ्याची आळी, घर नंबर सात" असा पत्ता मोठ्याने घोकत ते दारापर्यंत गेले. पत्र देताना त्यांचा हात थरथरत होता. या खेपेस कोणीही हसले नाही.

पुढे एकदा मी शिवकालातला प्रसंग दिला. त्या काळी टपालवाला कोठून असणार? तेव्हा सदूकाका गडोगडी खलिते पोचविणारे जासूद झाले. त्या काळी छत्र थोरांच्याच मस्तकावर धरले जाई; म्हणून त्यांनी काखेत घोंगडी घेतली. वेश पालटला, परंतु गडाखाली कुत्रे भुंकले मात्र, आणि जासूदाचे पाय लटपटू लागले!

एव्हाना त्या मुलाने एक वही घातली होती. कोणत्या गोष्टीत सदूकाकांना काय झाले, कोण भेटले, ते सारे तो तीत टिपून ठेवी. अशी वही मोठमोठ्या लेखकांनाही हवी असते. शेरलॉक होम्सचा मित्र डॉक्टर वॉटसन याला युद्धात गोळी लागली होती. १८८७ च्या पहिल्या कादंबरीत ती जखम खांद्याला आहे; १८९० च्या दुसऱ्या कादंबरीत ती पायाला आहे! लेखक आर्थर कॉनन डॉयल विसरले असावेत. वाचक मात्र अद्याप विसरलेले नाहीत.

वर्षअखेरीच्या गोष्टीत म्हातारीचा तो कुत्रा सदूकाकांच्या मागोमाग साऱ्या गावात टपालासाठी हिंडत होता. तेवढ्यात दूर कोठे दुसरेच कुत्रे भुंकले, आणि सदूकाकांचा हात नकळत छत्रीकडे गेला.