वजनकाट्यावरचा संगणक आणि अपडेट



ऊसनोंदीला गट ऑफिसात यावे आणि 'अपडेट चालू आहे' म्हणून थांबावे लागावे, की संताप येणारच. "साहेब, ही कटकट बंदच करा की!" असे एक सभासद आम्हांला म्हणाले.

अपडेट म्हणजे प्रोग्रॅममधल्या चुका व फटी बुजवणारी दुरुस्ती. २७ जून २०१७ रोजी न्हावा शेवा बंदरातल्या एका टर्मिनलचे संगणक विषाणूने बंद पाडले. कामे हाताने करावी लागली. हा विषाणू ज्या फटीतून फैलावत होता तिची दुरुस्ती मार्चमध्येच निघाली होती. गंमत म्हणजे मुळात तो पसरला युक्रेनमधल्या हिशेबाच्या एका प्रोग्रॅमच्या अपडेटमधूनच! पुढे १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइकच्या सदोष अपडेटने जगातले सुमारे ८५ लाख संगणक ठप्प झाले.

म्हणजे टाळले तरी पंचाईत, डोळे झाकून घेतले तरी पंचाईत. नवे बेणे आपण सगळ्या रानात एकदम लावतो का? आधी चार सऱ्या. तसेच अपडेट आधी ऑफिसातल्या एकाच संगणकावर घ्यायचे. वजनपावती, ऊसनोंद, बिल नीट निघते का ते दोन-चार दिवस पाहायचे, मग बाकीच्यांवर. त्याआधी नोंदींची प्रत वेगळ्या डिस्कवर काढायची, आणि ती डिस्क जोडून ठेवायची नाही. वजनकाट्याचे काम गाड्यांची रांग नसताना. मोठे बदल गाळप संपल्यावर केले तरी चालतील, सुरक्षेची दुरुस्ती मात्र हंगामभर लांबवू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

नोंदीला येताना जुनी पावती आणावी. संगणक बंद असला तरी लागणीची तारीख रजिस्टरला लिहून घेऊ.